दुकानदारीचा ताळा



पंचांगाचें वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेस बदलतें. महसूल खात्याचें वर्ष १ ऑगस्टला सुरू होतें. सरकारी जमाखर्चाचें वर्ष १८६७ सालापासून १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपत आलें आहे. आणि पेठेंतील व्यापाऱ्याची वही आश्विन अमावास्येला लक्ष्मीपूजनांत पुजली जाते. बलिप्रतिपदेच्या मुहूर्तावर नव्या वहीच्या पहिल्या पानावर हळदकुंकू वाहून 'श्री' लिहितात. अशा रीतीनें एकाच दुकानदाराला बारा महिन्यांत चार वेळां वर्ष सरल्याची वर्दी मिळते. ३१ मार्चचा हिशेब तो कराच्या कागदांसाठीं करतो. पाडव्याची वही तो लक्ष्मीसाठीं मांडतो. परंतु स्वतःसाठीं तो कोणता हिशेब करतो? प्रत्येक लहान दुकानदारानें वर्षअखेरीस स्वतःला एक प्रश्न विचारावयास हवा. तो असा: गेल्या वर्षीं या दुकानानें माझें घर पोसलें, कीं माझ्या घरानें हें दुकान पोखरलें? या प्रश्नाचें उत्तर कसें काढावें, आणि तें हातीं आल्यावर पुढील वर्षाची आखणी कशी करावी, एवढेंच आजच्या भाषणांत मला सांगावयाचें आहे.

मी स्वतः व्यापारी नाहीं. माझें आयुष्य मराठी शाळेंत अंकगणित शिकविण्यांत गेलें. गणित सोडवून झालें कीं आम्ही मुलांना सांगत असूं, 'आतां ताळा पाहा.' वजाबाकीचा ताळा बेरजेनें पाहावयाचा, भागाकाराचा गुणाकारानें. उत्तर बरोबर आलें असें वाटणें निराळें, आणि तें ताळ्यानें पटणें निराळें. आतां निवृत्तीनंतर माझे जुने विद्यार्थी, कोणी किराणा दुकानदार, कोणी शिंपी, कोणी सायकली दुरुस्त करणारा, वह्यांचें बाड काखेंत मारून मजकडे येतात. त्यांच्या वह्या पाहतां पाहतां एक गोष्ट माझ्या ध्यानीं आली. शाळेच्या पुस्तकांतील नफातोट्याचें उदाहरण फार सोपें असतें. वस्तु अमुक रुपयांस घेतली, तमुक रुपयांस विकली, तर शेकडा नफा किती? त्या उदाहरणांतील दुकानाला भाडें नसतें, तेथील गिऱ्हाईक उधार मागत नाहीं, आणि त्या दुकानदाराच्या घरीं चहाला साखर लागत नाहीं. खऱ्या दुकानाला भाडें असतें, उधारी असते आणि घरहि असतें. आणि हिशेब फसतो तो बहुधा याच तीन ठिकाणीं.

एक उदाहरण मांडतों. जवळ कागद-पेन्सिल असेल त्यांनीं आंकडे टिपून घ्यावेत. आंकडे कल्पित आहेत, परंतु तालुक्याच्या गांवांतील मध्यम किराणा दुकानास शोभतील असे आहेत. समजूं या कीं वर्षाची विक्री ३०,००,००० रुपयांची झाली. वर्षारंभीं फळीवर ४,००,००० चा माल होता, वर्षभरांत २७,००,००० ची खरेदी झाली, आणि अखेरीस मोजदाद केली तेव्हां ४,३४,००० चा माल शिल्लक निघाला. म्हणजे २६,६६,००० चा माल दुकानांतून गेला. त्यांतील दरमहा ३,००० चा, वर्षाचा ३६,००० चा माल घरच्या स्वयंपाकघरांत गेला. उरलेला २६,३०,००० चा माल ३०,००,००० ला विकला गेला. तेव्हां ढोबळ नफा ३,७०,००० झाला. आतां खर्च पाहूं. भाडें ७२,०००, वीज २४,०००, अर्धवेळ मदतनिसाचा पगार ८४,०००, हमाली व वाहतूक ३६,०००, पिशव्या, दुरुस्ती व इतर किरकोळ २४,०००, एकूण २,४०,०००. शिवाय यंदाच्या उधारीपैकीं ३०,००० परत येण्याची आशा उरलेली नाहीं. तेहि वजा केले पाहिजेत. राहिले बरोबर १,००,०००. हा दुकानाचा खरा नफा.

आतां घरानें किती नेलें तें पाहूं. दरमहा १५,००० रोख, म्हणजे वर्षाचे १,८०,०००. आणि मघांचा ३६,००० चा माल. एकूण २,१६,०००. दुकानानें मिळविला एक लाख आणि घरानें नेले दोन लाख सोळा हजार. मग वरचे १,१६,००० आले कोठून? घाऊक व्यापाऱ्याची वही उघडली म्हणजे उलगडा होतो. त्याचें देणें वर्षभरांत १,५०,००० नीं वाढलेलें असतें. त्यांपैकीं ३४,००० वाढलेल्या मालाच्या रूपानें फळीवर तरी दिसतात. उरलेले १,१६,००० घरच्या चुलींत गेले.

यांतील खरी भयंकर गोष्ट ही कीं, वर्षभरांत एकाहि दिवशीं गल्ला रिकामा पडला नाहीं. रोज सात-आठ हजारांची आवक होत होती, गिऱ्हाइकें येत होतीं, मुलांची फी वेळेवर भरली जात होती. घाऊक व्यापारी माल उधार देतो तोंवर तोट्याचें दुकान आणि नफ्याचें दुकान रस्त्यावरून सारखेंच दिसतें. गल्ला विक्री सांगतो. नफा सांगणें हें त्याचें कामच नाहीं. ज्या दिवशीं घाऊक व्यापारी हात आंखडतो, त्या दिवशीं कळतें. आणि तोंवर घरांतील दागिना किंवा वडिलांचा जमिनीचा तुकडा गहाण पडण्याची पाळी आलेली असते. म्हणून वर्षअखेरचा ताळा हवा. तो पाहण्याचीं चार कामें आहेत.

पहिलें काम मालाची मोजदाद. इटलींतील लुका पाचोली या गणिती साधूचा ग्रंथ १४९४ सालीं व्हेनिस येथें छापला गेला. दुहेरी जमाखर्चाची पद्धति छापील रूपानें प्रथम त्यांत सांगितली गेली. त्यांतहि व्यापाऱ्याला पहिली आज्ञा आहे ती आपल्याजवळ काय काय आहे याची यादी करण्याची. आपल्याकडील रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद हीं नांवें वडिलांच्या तोंडून आपण ऐकलेलीं आहेत. त्यांचाहि पाया हाच. एक दिवस दुकान बंद ठेवून घरच्या मंडळींसह प्रत्येक फळी, प्रत्येक डबा, प्रत्येक पोतें मोजावें. किंमत मांडावयाची ती आपण दिलेली. वेष्टनावरील छापील किंमत मांडली तर अजून न झालेली विक्री आपण नफ्यांत धरली असें होईल. मुदत संपलेल्या मालाची किंमत शून्य. सहा महिन्यांत जो हलला नाहीं त्याची यादी वेगळी करावी, आणि तो खरेदीच्या भावानें, प्रसंगीं कमीनेंहि, काढून टाकावा. फळीवर झोपलेल्या पैशाचें व्याज मात्र जागें असतें.

दुसरें काम उधारी. सर्व उधारीचे तीन ढीग करावेत: महिन्याच्या आंतील, वर्षाच्या आंतील आणि वर्षाबाहेरची. पहिल्या ढिगाची काळजी नको. दुसऱ्या ढिगांतील प्रत्येकाकडे वर्षअखेरीपूर्वीं स्वतः जावें. निरोप्या धाडूं नये. तिसरा ढीग नफ्यांतून वजा धरावा. पुढें आला तर तो लाभ समजावा. येथें कायद्याची एक गोष्ट सांगून ठेवतों. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें, उधारीची ठराविक मुदत ठरलेली नसेल तर विकलेल्या मालाच्या किंमतीसाठीं माल दिल्या दिवसापासून तीन वर्षांच्या आंत दावा करावा लागतो. परंतु ती मुदत संपण्यापूर्वीं देणेकऱ्यानें आपल्या सहीनें लेखी कबुली दिली तर त्या दिवसापासून पुन्हां तीन वर्षें मिळतात. किराण्याच्या उधारीसाठीं कोर्टाची पायरी कोणी चढावी असें मी म्हणत नाहीं. पण दर पाडव्याला उधारीच्या पानावर 'आजअखेर बाकी इतकी' असें लिहून गिऱ्हाइकाची तारखेसह सही घेणें हें उभयतांच्या मैत्रीला हितकर आहे.

कोणी म्हणतील, मास्तर, इतकें काटेकोर झालें तर शेजारधर्म कोठें राहिला? त्यांनीं तुकोबांची कथा आठवावी. तुकोबा देहूचे वाणी. वडिलार्जित सावकारीचीं कर्जखतें त्यांच्या घरांत होतीं. तीं त्यांनीं इंद्रायणींत बुडविलीं, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण परंपरेनें चालत आलेल्या त्या कथेंत आणखी एक बारकावा आहे, तो आपण विसरतों. त्यांनीं आधीं खतांचे दोन वांटे केले, भाऊ कान्होबाचा वांटा त्याच्या हवालीं केला, आणि बुडविलीं तीं केवळ आपल्या वांट्याचीं. कान्होबाला संसार करावयाचा होता. दुकानदारालाहि दया करावयाची असेल तर त्यानें ती जरूर करावी. गरजू माणसाची बाकी मोकळ्या मनानें सोडावी. पण ती सोडतांना आपला वांटा कोणता आणि बायकामुलांचा कोणता, हें त्याला ठाऊक असलें पाहिजे. हिशेब ठेवून सोडलेली बाकी दान होते. हिशेबावांचून सुटलेली बाकी नुसती गळती होते.

तिसरें काम देणें. घाऊक व्यापारी, बँक, पतपेढी, भिशी, मेहुणे, सर्वांचें देणें एका कागदावर मांडावें. रक्कम, तारीख आणि व्याज यांसह. प्रत्येक रकमेपुढें एक शब्द लिहावा: भांडवल किंवा भाकरी. शिंप्यानें नवें यंत्र घेण्यासाठीं काढलेलें कर्ज भांडवलाचें. तें यंत्र आपला हप्ता आपण फेडतें. आपल्या उदाहरणांतील १,१६,००० हें भाकरीचें कर्ज. त्याचा हप्ता पुढल्या वर्षीच्या भाकरींतूनच जावयाचा. २०१५ सालीं सुरू झालेल्या मुद्रा योजनेंत लहान व्यावसायिकांना तारणाशिवाय कर्जें मिळतात. त्यांतील 'शिशु' हा पहिला वर्ग ५०,००० रुपयांपर्यंतचा आहे. अशी सोय असणें चांगलें. परंतु भाकरीचें जुनें कर्ज फेडण्यासाठीं भांडवलाच्या नांवानें नवें कर्ज काढणें म्हणजे एका खड्ड्याची माती काढून दुसरा बुजविणें होय.

चौथें काम सर्वांत कठीण, कारण तें वहींतलें नसून घरांतलें आहे. तें म्हणजे घर आणि दुकान यांची फारकत. पूर्वीं दोघांचा गल्ला एक असे. आतां दोघांचें बँकखातें एक असतें. २०१६ सालीं यू.पी.आय. सुरू झाल्यापासून पानाच्या टपरीवरहि चौकटीचौकटींचें चिन्ह लटकलें. गिऱ्हाईक मोबाइल समोर धरतें आणि पैसे जमा होतात. सोय मोठी, नोंदहि आपोआप होते. पण पैसे ज्या खात्यांत येतात त्याच खात्यांतून दूधवाला, शाळेची फी आणि लग्नाचा आहेर जात असेल तर महिनाअखेरीस तें पासबुक म्हणजे मिसळीचा रस्सा होतो. त्यांतला मसाला कोणता आणि मटकी कोणती हें निवडणार कसें? दुकानाचें खातें वेगळें काढावें. मालकानें दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेस ठरलेला पगार दुकानांतून घ्यावा, आणि घरीं नेलेली साखर, तेल, साबण खरेदीच्या भावानें घरखर्चाच्या नांवें लिहावीं. स्वतःच्या दुकानांतील किलोभर साखर लिहून ठेवणें प्रथम चमत्कारिक वाटतें. परंतु आपल्या उदाहरणांतील ३६,००० रुपये अशा किलोकिलोनेंच झाले आहेत.

पगार ठरवितांना आणखी एक गोष्ट पाहावी. दुपारीं मालक जेवावयास जातो तेव्हां त्याची पत्नी दुकानांत बसते. सकाळीं धान्य निवडते, संध्याकाळीं पुड्या बांधते. तिच्या श्रमाचें नांव वहीच्या कोणत्याहि पानावर नसतें. दुकानाचा एक लाख नफा हा एका माणसाच्या बारा महिन्यांचा नसून दोघांच्या श्रमांचा आहे. दोघांपैकीं एकानें बाहेर काम धरलें असतें तर किती मिळालें असतें, हा विचार केल्यावांचून दुकान परवडतें असें म्हणतां येत नाहीं.

एकनाथमहाराजांविषयीं अशी आख्यायिका आहे कीं, देवगिरीस जनार्दनस्वामींकडे हिशेबाचें काम करीत असतां एका पैची चूक लागेना म्हणून ते रात्रभर दिव्यापाशीं बसले, आणि ती सांपडतांच आनंदानें टाळी वाजविते झाले. आपणांस रात्र जागावयाची नाहीं. रोज दुकान बंद करतांना विक्री, खरेदी, खर्च आणि घरीं नेलेलें असे चार आंकडे लिहिले तरी पुरे. पंधरा मिनिटांचें काम आहे. पण तें रोज केलें तरच वर्षअखेरीस ताळा पाहतां येतो. नाहीं तर पाहावयाला गणितच नसतें.

आतां पुढील वर्षाची आखणी. ती इच्छेवरून न करतां ताळ्यावरून करावी. आपल्या दुकानदाराचा खर्च २,४०,००० आणि घराची गरज २,१६,०००, मिळून ४,५६,०००. शंभर रुपयांच्या विक्रींत त्याला सुमारे १२ रुपये ३३ पैसे सुटतात. या दरानें ४,५६,००० मिळवावयाचे तर विक्री सुमारें ३७,००,००० व्हावयास पाहिजे, आणि तीहि एक पैसा न बुडतां. वर्षांत दुकान ३६० दिवस उघडें असेल तर आज रोजची विक्री सरासरी ८,३०० आहे ती १०,३०० व्हावी लागेल. आतां प्रश्न मोजका झाला. रोज दोन हजारांची जादा विक्री आपल्या गल्लींत होईल काय? होत नसेल तर शंभरामागें १२ ऐवजीं १५ रुपये सुटतील असा माल, घरगुती मसाले, सुटी कडधान्यें, चक्कीचें पीठ, ठेवतां येईल काय? तेंहि नसेल तर भाडें, मदतनीस किंवा घरखर्च यांपैकीं काय कमी होईल? बहुधा तिन्हींकडून थोडें थोडें जमवावें लागतें. विक्री वाढली म्हणजे कायद्याकडेहि लक्ष हवें. नुसता मालाचा व्यापार असेल तर महाराष्ट्रांत एकूण वार्षिक विक्री ४० लाखांपुढें गेली कीं वस्तु व सेवा कराची नोंदणी करावी लागते.

बारा महिने सारखे नसतात, हेंहि आखणींत यावें. उन्हाळ्यांत वर्षाचें धान्य आणि मसाल्याची मिरची घेणारे येतात. जूनमध्यें शाळा उघडतांच घरोघरचा पैसा वह्यापुस्तकांत जातो. पेरणीपासून पीक हातीं येईपर्यंत शेतकऱ्याजवळ रोकड नसते, आणि तेव्हांच उधारी फुगते. श्रावणांत साबुदाणा, भगर व शेंगदाणे, भाद्रपदांत गणपतीचा बाजार, आणि सोयाबीन-कापूस विकल्यावर दसरा-दिवाळीचा हंगाम. ज्याला आपल्या पेठेचा हा चढउतार कागदावर मांडतां आला, तो आषाढांत माल बेतानें भरतो आणि दिवाळीच्या रोकडींतून देणें उतरवितो. मांडतां न आला तो दिवाळीची रोकड म्हणजे नफा समजून खर्च करतो.

शेवटीं गंगाजळी. २५ मार्च २०२० रोजीं देशभर टाळेबंदी सुरू झाली. किराणा दुकानें चालूं राहिलीं. पण शिंपी, न्हावी, चहावाले यांचीं दारें एका रात्रींत बंद झालीं. भाडें मात्र बंद झालें नाहीं. त्या वेळीं आपलें दुकान नुसतें बंद ठेवण्यासहि महिना किती लागतात, हा आंकडा ज्याला ठाऊक होता त्याला निदान विचार तरी करतां आला. आपल्या उदाहरणांत खर्च महिना २०,००० आहे; तेव्हां तीन महिन्यांचे ६०,००० रुपये वेगळे असावेत. ते एकदम होणार नाहींत. दरमहा दोन-दोन हजार बाजूला काढले तर अडीच वर्षांत होतील.

एक कठीण गोष्ट बोलून भाषण संपवितों. क्वचित् ताळ्याचें उत्तर असें येतें कीं, हें दुकान कितीहि ओढलें तरी चालावयाचें नाहीं. गल्लींत मोठें दुकान झालें असेल, रस्ता बदलला असेल, जिनसेची मागणीच गेली असेल. असें उत्तर आलें तर तें मुलांपासून लपवूं नये, आणि केवळ आजोबांची पाटी म्हणून शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला त्या गल्ल्यावर बसवूं नये. देणें फेडतां येण्यासारखें आहे तोंवर फेडून, नांव राखून धंदा बदलणें यांत कमीपणा नाहीं. आणि उत्तर चांगलें आलें तर त्याच वहीसह मुलांना दुकान दाखवावें. वारसांत पाटीपेक्षां वही अधिक मोलाची.

म्हणून येत्या पाडव्याला वहीची पूजा करावयाची ती आधीं वही वाचून करावी. आदल्या आठवड्यांत मोजदाद, उधारी, देणें आणि घरखर्च या चार याद्या घरांतील सर्वांनीं एकत्र बसून कराव्या, बेरजा मुलांकडून करवून घ्याव्या, आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'श्री'खालीं दोन आंकडे लिहावे: गेल्या वर्षीं दुकानानें मिळविलें किती, आणि घरानें नेलें किती. पहिला आंकडा दुसऱ्याहून मोठा करणें हीच पुढील वर्षाची आखणी. ती सर्वांची सफळ होवो, एवढें इच्छून आपली रजा घेतों.